नदीवरचा जलमार्ग, कयाकने किंवा कनूने: नकाशाआधी पाणी बघा

पाणवाट (धागाकर्ता)

इथे डोंगरवाटांचे आणि सायकलप्रवासाचे धागे भरपूर आहेत. नदीतून वल्हवत दोन-चार दिवसांचा प्रवास कसा करायचा, यावर मात्र सलग लिहिलेलं सापडलं नाही. व्यक्तिगत निरोपांतून येणारा प्रश्न साधारण सारखाच असतो: पोहता येतं, तळ्यात कयाक (दोन पात्यांच्या वल्ह्याची अरुंद, बुटकी होडी) चालवली आहे, आता नदी करायची आहे, तर आधी काय बघू? माझं उत्तर एकच आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतोय. आधी पाण्याची पातळी बघा. होडी, वल्हं, नकाशा हे सगळं त्यानंतर.

जलमार्ग म्हणजे पाण्यावरची आखलेली वाट. होडी कुठे पाण्यात सोडायची, कुठे बाहेर काढायची, रात्री कुठे थांबता येईल, कुठला टप्पा होडी खांद्यावर घेऊन काठाने चालत ओलांडायचा, हे कुणीतरी आधी फिरून नोंदवलेलं असतं. अमेरिकेत अशा वाटांची राष्ट्रीय यादी २०१२ साली सुरू झाली. चॅटाहूची नदीवरचा मार्ग तिच्यातला पहिला. त्याआधी, २००६ मध्ये, नॉर्दर्न फॉरेस्ट कनू ट्रेल खुला झाला होता. न्यू यॉर्क राज्यापासून मेनपर्यंत, मध्ये थोडा कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातून, जवळपास १,१९० किलोमीटर. नद्या, तळी आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा यांची ही साखळी तिथल्या मूलनिवासींच्या जुन्या प्रवासवाटांवरून जाते.

अशी तयार वाट मिळाली की अर्धं काम झालं असं वाटतं. पण नकाशा काढला त्या दिवशी नदीत जेवढं पाणी होतं, तेवढं आज असेलच असं नाही. पाणी उतरलेलं असेल तर ज्या टप्प्याला नकाशा दोन तास लावतो तिथे तुम्ही दगडगोट्यांवरून होडी ओढत अर्धा दिवस घालवता. पाणी चढलेलं असेल तर काठावरच्या फांद्या प्रवाहात येतात, थांबायच्या वाळूच्या जागा बुडालेल्या असतात आणि छोट्या पुलांखालून डोकं वाचवून जाणंही कठीण होतं.

म्हणून विसर्गाचा आकडा वाचायला शिका. तो घनमीटर प्रति सेकंद किंवा क्युसेकमध्ये (घनफूट प्रति सेकंद) देतात. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. म्हणजे विसर्ग ४० घनमीटर असेल तर दर सेकंदाला चाळीस टन पाणी तुमच्यासमोरून पुढे जातंय. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अडकलेल्या होडीवरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. खडकाला आडवी लागलेली होडी मधोमध मोडते ती यामुळेच.

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा मी कल जास्त बघतो. मागचे चार-पाच दिवस पाणी उतरतंय की चढतंय? उतरणारं पाणी निवळत जातं आणि त्याचा अंदाज बांधता येतो. चढणारं पाणी गढूळ असतं, सोबत ओंडके आणतं आणि कुठे थांबेल ते सांगता येत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या खोऱ्यात पाऊस झालेला असू शकतो. वर धरण असेल तर पाणी सोडण्याची वेळ विचारल्याशिवाय निघूच नका.

---

निळी_रेघ

धागा वाचनखुणांत टाकला. मी नेमकी तळ्यात कयाक चालवून नदीची स्वप्नं बघणाऱ्यांतली आहे. दोन प्रश्न. कयाक घ्यावी की कनू? आणि एका दिवसात किती अंतर धरावं?

---

डोहकाठ

ताई, दोन-तीन दिवसांचं सामान असेल आणि पाणी संथ असेल तर कनू. वरून उघडी असते, सामान चढवणं-उतरवणं सोपं, गुडघे टेकून किंवा बाकावर बसून वल्हवता येतं, बसण्याची ढब बदलता येते. होडी उचलून न्यायचे टप्पे असतील तर फरक आणखी जाणवतो. कनूच्या मधल्या आडव्या दांड्याला खांद्यांसाठी खोबण असते, एक माणूस ती उलटी करून डोक्यावर घेऊन चालू शकतो. सामानाने भरलेली कयाक अशी उचलता येत नाही. आधी प्रत्येक कप्पा रिकामा करावा लागतो.

कनूत एकाच पात्याचं वल्हं असतं, त्यामुळे एका बाजूने मारत राहिलं की होडी दुसऱ्या बाजूला वळते. त्यासाठी मागे बसणाऱ्याने 'जे' फटका शिकायचा: वल्हं मागे आलं की शेवटी मनगट फिरवून पातं होडीपासून थोडं बाहेर ढकलायचं. हा एक फटका अंगात मुरला की दोघांची भांडणं निम्मी कमी होतात. दिशा मागचा बघतो. पुढच्याचं काम जोर लावणं आणि दगड दिसला की ओरडून सांगणं.

---

उलटधार

डोहकाठ यांच्याशी अर्धा सहमत. वारा विसरू नका! रुंद नदीवर समोरून वारा आला की कनूचे उंच काठ तो पकडतात आणि होडी शिडासारखी भरकटते. कयाक पाण्याला चिकटून असते, दोन पात्यांचं वल्हं असल्याने लय सुटत नाही. एकट्या माणसाला रुंद पात्रात मी कयाकच सुचवेन. साधारण चार ते साडेचार मीटर लांबीची, सामानाचे बंद कप्पे असलेली. तीन मीटरच्या आतली आखूड कयाक चटकन वळते पण सरळ जात नाही, दिवसभर ती सरळ ठेवण्यातच दंड भरून येतात.

कनूच घेतली असेल तर वाऱ्यासाठी सामान हलवा. वारा समोरून असेल तर वजन थोडं पुढे, पाठीमागून असेल तर थोडं मागे. जड टोक पाण्यात रुतून राहतं आणि हलकं टोक वाऱ्याबरोबर फिरतं, म्हणून.

---

पाणवाट

@निळी_रेघ, अंतराबद्दल: संथ पाण्यात रमतगमत ताशी चार-पाच किलोमीटर होतात. प्रवाह साथीला असेल तर जास्त. पण जेवण, काठावर उतरून पुढचं पाणी बघणं, होडी उचलून नेणं हे सगळं धरलं तर पहिल्या प्रवासात दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरच्या वर जाऊ नका. आणि अंतर नदीच्या वळणांवरून मोजा. सपाटीवरची नागमोडी नदी दोन गावांमधलं सरळ अंतर सहज दुप्पट करते.

वल्हवताना दंडांनी ओढू नका, कमरेतून धड फिरवा. वल्हं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला आणि कमरेशी आलं की बाहेर काढा. त्यापुढे ओढलेलं पाणी नुसतं वर उचललं जातं, होडी पुढे जात नाही.

---

खंड्या

पाणी वाचणं म्हणजे नेमकं काय वाचायचं? व्हिडिओत सगळे 'रीड द वॉटर' म्हणतात आणि पुढे निघून जातात. मला तर सगळीकडे सारख्याच लाटा दिसतात.

---

पाणवाट

खंड्या, हा माझ्या सगळ्यात आवडीचा विषय आहे, जरा लांबेल.

वळणापासून सुरुवात करा. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खोल आणि वेगवान असतं, आतल्या बाजूला उथळ आणि मंद. नदी बाहेरचा काठ कापते आणि आतल्या बाजूला वाळू टाकते. त्यामुळे कमी पाण्यात खोली शोधायची तर बाहेरची बाजू. पण कापलेल्या काठावरची झाडं प्रवाहात पडलेली असतात तीही तिथेच. म्हणून पाणी पुरेसं असेल तर मी वळणात आतल्या बाजूने शिरतो, पुढचं सगळं दिसलं की मगच बाहेर सरकतो.

आता पाण्यावरच्या खुणा. दोन दगडांमधून गुळगुळीत पाण्याची जीभ निघते आणि तिचं टोक खालच्या दिशेला, म्हणजे प्रवाह जातो तिकडे, असतं. ती वाट मोकळी. टोक वरच्या दिशेला असेल, तुमच्याकडे रोखलेलं, तर त्या टोकाशी दगड आहे, दिसत असो वा नसो. एकाच जागी उभी राहणारी लाट म्हणजे खाली काहीतरी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण: समोर नदी एका आडव्या रेषेवर संपल्यासारखी दिसते, रेषेपलीकडे झाडांचे फक्त शेंडे दिसतात. तिथे पाणी खाली पडतंय. लगेच काठ धरायचा आणि चालत जाऊन बघायचं.

दगडाच्या मागे पाणी उलटं, वरच्या दिशेला फिरतं. त्याला आम्ही एडी म्हणतो. वेगवान नदीत थांबायच्या जागा या एवढ्याच. एका एडीतून पुढची एडी बघायची, मगच निघायचं. एडीतून प्रवाहात शिरताना होडी खालच्या बाजूला, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला, कलती ठेवा. वरची, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूची, कड पाण्यात बुडाली की प्रवाह तिच्यावर चढतो आणि क्षणात उलथवतो. नवशिके पडतात ते बहुतेक इथेच, कारण शरीर आपोआप येणाऱ्या पाण्याकडे झुकतं. नदी आडवी ओलांडायची असेल तर तोंड वरच्या दिशेला थोडं तिरकं ठेवून वल्हवा. प्रवाहच होडीला पलीकडे सरकवतो.

बघण्यावरून एक इतिहास. अमेरिकन संशोधक जॉन वेस्ली पॉवेल १८६९ मध्ये ग्रीन आणि कोलोराडो नद्यांवरून ग्रँड कॅन्यनमधून गेला. निघाले दहा जण आणि चार होड्या, शेवटी बाहेर पडले सहा जण आणि दोन होड्या. त्या होड्यांत वल्हवणारे पाठ खालच्या दिशेला करून बसत, म्हणजे पुढची धार (खळाळत्या, वेगवान पाण्याचा टप्पा) त्यांना दिसत नसे. कठीण जागी ते होड्या दोर लावून काठाकाठाने उतरवत किंवा उचलून नेत. पुढे १८९० च्या दशकात नॅथॅनिएल गॅलोवे या फासे लावून शिकार करणाऱ्या माणसाने तोंड खालच्या दिशेला करून वल्हवायला सुरुवात केली आणि त्या नदीवर वल्हवण्याची पद्धतच बदलली. कयाक आणि कनूत आपण पहिल्यापासून पुढे तोंड करून बसतो. या होड्यांचा हा सगळ्यात मोठा गुण आहे, तो वापरा.

---

काठावरून

मी निवडलेल्या मार्गावर एक बंधारा आहे. उंची फार नाही, दोन-अडीच फूट असेल. पाणी एकसारखं पडतं, खाली फेस आहे पण खडक नाहीत. वेग घेऊन सरळ वरून जाता येईल ना? उचलून न्यायची वाट बरीच लांबची आहे.

---

पाणवाट

नाही. कृपा करून नाही. कितीही लांबची वाट असली तरी चालत जा.

नैसर्गिक धबधबा वाकडातिकडा असतो, त्यात पाण्याला बाहेर पडायला कुठेतरी फट असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असतो. वरून पडलेलं पाणी तळाशी जातं, थोडं पुढे जाऊन वर उसळतं आणि पृष्ठभागावरून परत बंधाऱ्याकडे येतं. उसळीच्या अलीकडचं सगळं पाणी मागे ओढतं. माणूस त्यात सापडला की बंधाऱ्याकडे ओढला जातो, पडणाऱ्या पाण्याखाली दाबला जातो, पुढे वर येतो आणि पुन्हा मागे ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे लाइफ जॅकेटही नेहमीएवढं उचलून धरत नाही. दोन्ही टोकांना भिंती, धरायला काही नाही. इंग्रजीत याला बुडवणारं यंत्र म्हणतात ते उगाच नाही. वाचवायला उडी मारलेले लोकही याच जागी गेले आहेत.

तुम्ही म्हणता तेच याचं सगळ्यात वाईट लक्षण आहे: पाणी एकसारखं पडतं, उंची कमी. होडीत बसून वरच्या बाजूने बघितलं तर ती उंचीही दिसत नाही, फक्त एक गुळगुळीत रेषा दिसते. आवाजही पुढच्या दिशेला जातो. पाणी वाढलं की उंची आणखी कमी भासते आणि मागे ओढणारा पट्टा लांबतो. मार्गावरचा प्रत्येक बंधारा नकाशावर लाल करून घ्या, त्याच्या बऱ्याच अलीकडे, पाणी संथ असतानाच, काठाला लागायची जागा ठरवा आणि ती जागा आदल्या दिवशी जमिनीवरून जाऊन बघा.

---

काठावरून

समजलं. चालत जाईन. आदल्या दिवशी जाऊन उतरायची जागाही बघून येतो.

---

डोहकाठ

बंधाऱ्याच्या जोडीने झाडाचंही लिहितो. प्रवाहात आडवं पडलेलं झाड चाळणीचं काम करतं, पाणी फांद्यांतून जातं, माणूस आणि होडी अडकतात. दगडावर होडी आपटली तर दगडाकडे झुकायचं, त्याला मिठी मारायची, म्हणजे वरची कड उघडी राहते. झाडाच्या बाबतीत मात्र आधीच दूर राहणं हाच उपाय. पाण्यात पडलेले असाल आणि प्रवाह झाडाकडेच नेत असेल, टाळणं अशक्य असेल, तर पालथे व्हा, डोकं पुढे ठेवून झाडाच्या दिशेने जोरात पोहा आणि छाती खोडावर चढवा. पाय पुढे ठेवून गेलात तर ते फांद्यांखाली शिरतात.

इतर वेळी नेमकं उलट: पाठीवर, पाय खालच्या दिशेला आणि पृष्ठभागाशी. आणि वाहत्या, गुडघ्यावरच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दोन दगडांत अडकलं की प्रवाह शरीर पुढे ढकलतो आणि डोकं पाण्याखाली जातं. खोली जेमतेम मांडीएवढी असली तरी.

---

निळी_रेघ

हे वाचून थोडी भीती वाटली, पण न कळता जाण्यापेक्षा बरं. थंड पाण्याचं काय? आमच्या बेताच्या दिवसांत हवा उबदार असेल पण नदी बर्फाच्या पाण्याची आहे.

---

उलटधार

कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे घाला, हवेच्या नाही. वेटसूट (भिजला तरी ऊब धरणारा) किंवा ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा). सुती कपडे अजिबात नकोत, भिजले की ऊब संपते.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी मांडलेला १-१०-१ हा ठोकताळा पाठ करा. बर्फासारख्या पाण्यात पहिलं एक मिनिट श्वास अनावर होतो, तेव्हा फक्त श्वास ताब्यात आणायचा, पोहायचं नाही. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यात होडी पकडायची किंवा काठ गाठायचा. शरीर इतकं गार पडून शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. बहुतेक जण त्या तासापर्यंत पोचतच नाहीत, लाइफ जॅकेट नसल्यामुळे पहिल्या मिनिटातच पाणी श्वासात जातं. म्हणून जॅकेट होडीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं, सगळे पट्टे आवळून. खांद्यांना धरून कुणीतरी वर ओढून बघावं. ते कानापर्यंत सरकलं तर तुमच्या मापाचं नाही.

---

खंड्या

एकट्याने जाण्याबद्दल तुमचं मत काय? मी पक्षी बघायला जातो आणि बरोबर कुणी असलं की बोलणं होतंच.

---

पाणवाट

नवीन नदीवर कमीत कमी तीन होड्या. एक अडचणीत आली तर दुसरी मदतीला आणि तिसरी निरोप घेऊन जायला. यात मी सवलत देत नाही.

---

डोहकाठ

माझं मत थोडं वेगळं. संथ, ओळखीचा, बंधारा नसलेला टप्पा, पाणी उबदार आणि उतरतं, काठाला कुठेही लागता येतं, आणि उलटलेल्या कयाकमधून बाहेर येऊन पुन्हा तिच्यात चढायचा सराव झालेला आहे, तर पक्षी बघायला एकट्याने जाण्यात मला गैर वाटत नाही. यातली एकही अट पाळता येत नसेल तर पाणवाट म्हणतात तेच.

खंड्या, पक्ष्यांसाठी मात्र एक विनंती. पाणी उतरलं की वाळूची जी बेटं उघडी पडतात, त्यांवर नदी सुरय, टिटव्या यांसारखे पक्षी थेट वाळूवर अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूचाच असतो, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. विणीच्या काळात जेवायलासुद्धा बेटावर उतरू नका. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागले तर तुम्ही आधीच फार जवळ आहात. उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळातच निकामी होतात.

---

खंड्या

हे माहीत होतं, तरी पुन्हा सांगितलंत ते बरं केलंत, नवीन लोकांना लक्षात येत नाही. माझ्याकडून एक भर. एका नदीतली होडी दुसरीत नेण्याआधी धुवा आणि पूर्ण सुकवा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये डिडिमो हे शेवाळ सापडलं. ते सूक्ष्म आहे, ओल्या सामानाच्या एका थेंबातूनही पसरू शकतं आणि नदीचा तळ जाड साईसारख्या थराने झाकून टाकतं. तिथे त्यावरून 'तपासा, धुवा, सुकवा' अशी मोहीमच सुरू झाली. होडीच्या कोपऱ्यातलं पाणी, बुटांचे तळवे, जॅकेटचा फोम, हे सगळं बघायचं. एरवी या जागा कुणी बघत नाही.

---

निळी_रेघ

बेत पक्का करतोय. तीन होड्या, दोन कयाक आणि एक कनू. पहिल्या दिवशी चौदा किलोमीटर. एक बंधारा, चालत ओलांडणार. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या श्रेणीची एक धार आहे, ती जमेल?

---

पाणवाट

धार किती अवघड, याची आंतरराष्ट्रीय श्रेणी एक ते सहा आहे. दुसरी म्हणजे रुंद, सरळ दिसणारी वाट, मध्यम लाटा, थोडे दगड. तुमच्या गटाला जमायला हरकत नाही, पण श्रेणी एका ठरावीक पातळीची असते. पाणी वाढलं की दुसरीची तिसरी होते. त्या सकाळी आकडा बघा, धारेच्या वर थांबून सगळ्यांनी काठाने चालत जाऊन शेवटपर्यंत बघा. एकाला जरी नको वाटलं तर त्याची होडी उचलून न्या, चर्चा नको. सगळ्यात अनुभवी माणूस आधी उतरून खाली थ्रो बॅग (दोर भरलेली, फेकायची पिशवी) घेऊन थांबेल, पंधरा-वीस मीटर दोर पुरतो. मग एक-एक होडी, सगळ्या एकदम नाही.

आणि काठावरच्या कुणाकडे तरी एक कागद ठेवून निघा: कुठून किती वाजता निघालो, होड्यांचे रंग, किती माणसं, मधल्या बाहेर पडायच्या जागा, शेवटी कुठे आणि किती वाजेपर्यंत पोचणार, आणि त्यानंतर किती वेळ वाट बघून मदत बोलवायची. ही शेवटची वेळ आधीच ठरवून लिहा. ती लिहिलेली नसली की घरचे लोक 'येतीलच आता' म्हणत अंधार पडेपर्यंत थांबतात.

विसर्गाचे मागच्या आठवड्याचे आकडे इथे टाका, एकत्र बघू.